पट्ट्या पियानोच्या, साथ मॉड्यूलची

डिचोलीच्या माझ्या भाच्याकडे ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे, परीक्षांसाठी घेतलेला. हाताला झकास आहे. पण चवथीला घर माणसांनी भरतं, आरत्या आटोपल्या की कुणीतरी भावगीत म्हणायला बसतं, आणि तिथे एकटा पियानो पोरका वाटतो. ठेका नाही, बास नाही. त्याला कुणी सांगितलं, अरेंजर कीबोर्ड घे. म्हणजे पुन्हा ६१ हलक्या पट्ट्या आणि घरात दुसरं धूड. मी म्हटलं, पट्ट्या आहेत ना तुझ्याकडे? मग नुसतं मॉड्यूल घे.

अरेंजर मॉड्यूल म्हणजे पट्ट्या काढून टाकलेला अरेंजर कीबोर्ड. तुम्ही डाव्या हाताने कॉर्ड धरायची, मॉड्यूलमधून ड्रम, बास, गिटार, स्ट्रिंग्ज त्या कॉर्डप्रमाणे वाजत राहतात. उजव्या हाताने धून. कळंगुट-कांदोळीच्या रेस्टॉरंटांत एकट्याने अख्खा बँड उभा करणारे वादक तुम्ही ऐकलेच असतील. त्यांच्यापुढे बहुतेक वेळा अख्खा अरेंजर कीबोर्ड असतो, तत्त्व मात्र तेच. इटलीतल्या अँकोनाची केट्रॉन कंपनी अशी मॉड्यूल्स बनवते, एसडी४० हे त्यातलं एक. रोलँडचं बीके-७एम २०११ साली आलं. आता ते बनत नाही, पण जुन्या बाजारात हिंडतं आणि नवख्याला अजूनही पुरून उरतं.

भाच्याला शिकवताना मी एकच गोष्ट घोकून घेतली: एक काम एकाच यंत्राकडे. स्प्लिट (पट्ट्यांची डावी-उजवी वाटणी) कोण करणार, ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणं) कोण करणार, आवाज कुणाचा, हे आधी ठरवा. दोघांनी मिळून एकच काम केलं की गोंधळ झालाच म्हणून समजा.

खरेदीआधी पियानो भिंतीपासून ओढा

पाठीमागची भोकं बघा. पाच टाचण्यांचं गोल भोक आणि त्यावर ‘मिडी आऊट’ असं लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. मिडी म्हणजे वाद्यांची एकमेकांना निरोप द्यायची भाषा. कावाईच्या ईएस११० ला ही गोल भोकं आहेत. यामाहाच्या पी-४५ ला किंवा रोलँडच्या एफपी-१० ला नाहीत. तिथे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक असतं. कंट्रोलर, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला, नुसते निरोप पाठवणारा कीबोर्ड, घेणार असाल तर मोठ्यांना बहुधा गोल भोक मिळतं, लहानांना अनेकदा नुसतं यूएसबी.

गोल भोक असेल तर साधी मिडी वायर घ्या. पियानोच्या ‘आऊट’मधून मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये. संपलं. उलट दिशेची दुसरी वायर लावू नका. सुरुवातीला तिची गरज नसते, आणि तीच पुढे एक सूर दोनदा वाजण्याचं कारण होते. वायर १५ मीटरपेक्षा लांब नको, पण घरात दोन मीटरचीही पुष्कळ झाली.

यूएसबीची गोष्ट वेगळी. यूएसबीत एक यजमान लागतो, एक पाहुणा. पियानो पाहुणा, आणि पुष्कळदा मॉड्यूलही पाहुणाच. दोन पाहुणे एकमेकांच्या दारात उभे राहिले तर दार उघडणार कोण? म्हणून पियानोचं चौकोनी भोक आणि मॉड्यूलचं चौकोनी भोक कुठल्याही वायरने जोडलं तरी काही घडत नाही. मध्ये संगणक तरी हवा, नाहीतर ‘यूएसबी मिडी होस्ट’ नावाची छोटी डबी. तिच्या एका बाजूला पियानोची यूएसबी वायर, दुसऱ्या बाजूला गोल मिडी, आणि तिला स्वतःची वीज लागते. काही मॉड्यूल्सना पेन ड्राइव्हसाठी चपटं यूएसबी भोक असतं, त्यावर विसंबू नका. त्यात पियानो लावून चालतो की नुसता पेन ड्राइव्ह, हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथे मी स्वतः फसलेलो आहे. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग, अशी स्वस्त वायर मी मागवली. आली, आणि पियानो ढिम्म. त्या वायरीचं यूएसबी टोक संगणकासाठी असतं. पियानोला ते बसतही नाही, आणि ॲडॅप्टर लावून बसवलं तरी यजमान नाहीच. ती वायर अजून ड्रॉवरमध्ये आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

ब्लूटूथ मिडी असेल तर एकदा चाखून बघा, पण ठेक्यासोबत वाजवताना जरासा उशीरही बोटांना कळतो. मी वायरवालाच.

वायरीतून आवाज जात नाही

हे नवख्याला पटायला वेळ लागतो. मिडीच्या वायरीतून फक्त निरोप जातो: अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, सोडली, पेडल खाली गेलं. जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एका सुराचा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो, म्हणजे उशीर झालाच तर तो या वायरीमुळे नव्हे. ही पद्धत १९८३ ची. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन स्पर्धक कंपन्यांचे सिंथ एकमेकांना जोडून दाखवले होते. तेव्हाचं यंत्र आजच्या पियानोशीही बोलतं. हे भाग्य मोबाईलच्या चार्जरांना लाभलेलं नाही.

मग आवाज कुठून? मॉड्यूलच्या ‘आऊटपुट’ जॅकांमधून, डावा आणि उजवा. तो मिक्सरला, ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरला किंवा, पियानोला ‘ऑक्स इन’ (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक) असेल तर, थेट पियानोत. घरासाठी हा शेवटचा मार्ग सगळ्यात स्वस्त: पियानोच्याच स्पीकरमधून बँडही ऐकू येतो. कार्यक्रमाला मात्र मिक्सर हवाच. पियानोला लाइन आऊट नसेल तर हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ वायर काढून मिक्सरच्या दोन चॅनलांत द्या, आणि पियानोचा आवाज तीन चतुर्थांशच्या आसपास ठेवून बाकीचं मिक्सरवर जमवा.

गुणगुण आली, म्हणजे पंख्यासारखा सतत ‘हुंऽऽ’, तर गोल मिडी वायरीवर संशय घेऊ नका. तिच्या ‘इन’ बाजूला प्रकाशाने निरोप पोचवणारा सुटा भाग असतो, त्यामुळे दोन यंत्रांची वीज तिथे एकमेकांना भेटतच नाही. गुणगुण येते ती ऑडिओच्या वायरीतून किंवा यूएसबीतून. सगळ्यांना एकाच बोर्डावरून वीज द्या. तरी राहिली तर ऑडिओच्या वायरीत डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांची वीज सुटी ठेवणारी डबी, लावा.

चॅनल, स्प्लिट आणि लोकल

मिडीला १६ चॅनल, म्हणजे निरोपांच्या १६ वेगळ्या वाटा, असतात. डिजिटल पियानो साधारणपणे सगळ्या पट्ट्या चॅनल १ वर पाठवतो; डावा हात कुठला आणि उजवा कुठला, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून मॉड्यूलच्या मिडी मेनूत जाऊन सांगायचं, की ‘माझा कीबोर्ड चॅनल १ वर आहे, तो तू दोन भागांत वाट.’ काही मॉड्यूल्समध्ये आयती यादी असते: पियानो, अकॉर्डियन, कंट्रोलर. त्यातून पियानो निवडा. रोलँडच्या मेनूत ‘एनटीए’ ही अक्षरं दिसली तर तो कॉर्ड ओळखणाऱ्या भागाचा चॅनल. दोन झोनचा, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग वेगवेगळ्या चॅनलवर पाठवणारा, कंट्रोलर असेल तर डावा झोन त्या चॅनलवर पाठवता येतो, पण मग स्प्लिट कंट्रोलरवरच, मॉड्यूलवर नाही.

पियानोवरचा स्प्लिट किंवा दोन आवाज एकत्र वाजवण्याचा मोड बंद ठेवा. काही पियानो त्या दुसऱ्या आवाजासाठी वेगळ्या चॅनलवरही निरोप पाठवतात, आणि मॉड्यूलमध्ये भलतंच वाद्य जागं होतं.

स्प्लिट कुठे ठेवायचा? मधला सी ही ८८ पट्ट्यांत काळ्या धरून डावीकडून चाळिसावी पट्टी, मिडीत तिचा आकडा ६०. तिच्या खाली सहाव्या पट्टीवर, म्हणजे आकडा ५४ वर, स्प्लिट ठेवून सुरुवात करा. आता गंमत बघा: याच मधल्या सीला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४. एका कंपनीचा पियानो आणि दुसरीचं मॉड्यूल असेल तर कागदावरची नावं एका सप्तकाने चुकतात. नाव बघू नका. मॉड्यूल ‘पट्टी दाबा’ म्हणत असेल तर खरोखर पट्टी दाबून स्प्लिट ठरवा.

कॉर्ड ओळखण्याचे प्रकार दोन-तीन असतात. एका बोटाचा सोपा प्रकार दोन दिवस वापरा आणि सोडून द्या, नाहीतर मायनर-सेव्हन्थ आल्यावर हात अडतो. तीन बोटांचा ‘फिंगर्ड’ प्रकार नेहमीसाठी. ‘पियानिस्ट’ मोडमध्ये सगळ्या पट्ट्यांवरून कॉर्ड ओळखली जाते. शिकलेल्या हाताला तो मोहात पाडतो, पण धुनीतल्या सुरांनी कॉर्ड बदलू लागली की गाणारा मागे वळून बघतो.

आता ‘लोकल’. पियानोच्या पट्ट्या आणि पियानोचा स्वतःचा आवाज यांच्यातला आतला धागा म्हणजे लोकल. तो ‘ऑफ’ केला की पियानो मुका होतो, पट्ट्या फक्त मॉड्यूलला निरोप देतात. ‘ऑन’ असेल तर डाव्या हाताची कॉर्ड पियानोतही वाजते आणि बँडच्या बासवर चिखल होतो. नवख्याने लोकल ऑफ करावा. छोट्या पियानोंवर तो फंक्शनचं बटण धरून एखादी ठराविक पट्टी दाबल्यावर बंद होतो. कुठली, ते मॅन्युअलमध्ये. पियानो बंद करून चालू केला की हे सेटिंग बहुधा पुसलं जातं. त्यात पियानोची ‘ऑटो पॉवर ऑफ’ची खोड: पुष्कळ पियानो अर्धा तास कुणी हात लावला नाही की झोपी जातात. जेवणाची पंगत उठेपर्यंत पियानो झोपलेला, लोकल परत ऑन, आणि पहिल्याच कॉर्डला चिखल. ऑटो पॉवर ऑफ आधी बंद करा.

आणखी एक. पियानोवर आवाज बदलायचं बटण दाबलंत तर वायरीतून ‘प्रोग्राम चेंज’चा निरोपही जातो, आणि मॉड्यूलमधली बासरी अचानक ट्रम्पेट होते. पियानोचं ते पाठवणं किंवा मॉड्यूलचं ते ऐकणं, दोन्हींपैकी एक बंद करा. मॉड्यूलचा क्लॉक (ठेक्याचा वेग चालवणारं घड्याळ) ‘इंटर्नल’वर ठेवा; ‘एक्स्टर्नल’ राहिला तर स्टार्ट दाबूनही ठेका सुरू होत नाही आणि माणूस मॉड्यूल बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेतो.

काळी एक, काळी चार

आपल्याकडचा गायक ‘सी शार्प मेजर’ म्हणत नाही, ‘काळी एक’ म्हणतो. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी चार जी शार्प. पांढरी एकमध्ये बोटं बसलेला माणूस ट्रान्सपोजचं बटण दाबून सुटतो. मीही तोच.

फोंड्याजवळच्या एका लग्नात मी घडवलेली गोष्ट सांगतो. गायक काळी एकचा. मॉड्यूलवर ट्रान्सपोज अधिक १ केलं, पण पियानोचा मूळ आवाज मला आवडतो म्हणून लोकल ऑन ठेवून तो हळू मिसळला होता. परिणाम असा, की बँड काळी एकमध्ये आणि पियानो पांढरी एकमध्ये. अर्ध्या सुराचं भांडण. गायकाने दोन ओळी सोसल्या, मग माझ्याकडे असं बघितलं की मी मिक्सरवरचा पियानोच्या आवाजाचा फेडर सपकन खाली ओढला. प्रेक्षकांतल्या कुणाला कळलं नाही असं मला अजून वाटतं, बायकोला तसं वाटत नाही.

म्हणून क्रम असा. लोकल ऑफ असेल तर ट्रान्सपोज फक्त मॉड्यूलवर, पियानोवर शून्य. पियानोचा आवाजही हवा असेल तर घरीच एक चाचणी करा: पियानोवर अधिक १, मॉड्यूलवर शून्य, आणि एक कॉर्ड धरा. दोघे एका सुरात आले तर तुमचा पियानो ट्रान्सपोज केलेलेच सूर वायरीतून पाठवतो. मॉड्यूलला हात लावू नका. भांडले, तर तो मूळ सूर पाठवतो. मग दोन्हीकडे अधिक १ करावं लागेल. पियानोगणिक हे वेगळं निघतं. निकाल चिठ्ठीवर लिहून पियानोच्या अंगाला चिकटवा.

काळी चारसाठी अधिक ८ करू नका, उणे ४ करा. सूर तोच लागतो, पण अधिक ८ ने बास आणि गिटार त्यांच्या नेहमीच्या जागेवरून वर उडतात आणि बँड पोरांचा वाटू लागतो. साथीला पेटी, म्हणजे हार्मोनियम, असेल तर आधी तिच्याशी सूर मिळवा. जुनी पेटी ए ४४० वर नेमकी असतेच असं नाही. मॉड्यूलचं मास्टर ट्यून पेटीकडे सरकवा, कारण पेटी तुमच्याकडे सरकणार नाही.

पेडल

सस्टेन पेडल पियानोलाच लावा. निरोप आपोआप जातो. मात्र मॉड्यूलमध्ये ते फक्त उजव्या आवाजाला लागू करा. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर रेंगाळत असतील, तर घाबरू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेडलांचा स्विच उलटसुलट असतो, आणि पुष्कळ पियानो चालू होताना पेडलची स्थिती बघून ठरवतात. पाय काढा, बंद करून पुन्हा चालू करा. फिल-इन (ठेक्यातला मधला छोटा तुकडा) आणि एंडिंग (शेवट) यांच्यासाठी मॉड्यूलला वेगळा फूटस्विच घ्या. दोन्ही हात पट्ट्यांवर असताना एंडिंगचं बटण दाबणारा तिसरा हात अजून कुणाला फुटलेला नाही.

स्टाईल निवडताना

मॉड्यूलमधल्या स्टाईल्स, म्हणजे तयार ठेके आणि त्यांची साथ, मुख्यतः पाश्चात्त्य. रुंबा, बोलेरो, वॉल्ट्झ, बोसा नोव्हा, पोल्का. आठ मात्रांचा केरवा ४/४ मध्ये आरामात बसतो; बोलेरो किंवा मंद रुंबा लावून ड्रमचा आवाज थोडा कमी करा, भावगीत खुलतं. सहा मात्रांच्या दादऱ्याला ६/८ ची स्टाईल शोधा. वॉल्ट्झवर दादरा म्हणाल तर मोजणी जमते पण लय झुलत नाही. आपल्या गोव्याचा मांडो ६/४ चा. त्याला मंद वॉल्ट्झ चालून जातो, मात्र गाणाऱ्याबरोबर थांबत-थांबत जायचं असतं आणि यंत्र थांबत नाही. मांडो संपून दुलपद (त्यामागून येणारं जलद गाणं) सुरू झालं की ६/८ वर उडी, हा बदल फूटस्विचवर ठेवा.

सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल असं काही नाट्यपद आलं तर सरळ ड्रम बंद करा आणि तबलजीला मान द्या. आणि चवथीची आरती? तिथे मॉड्यूल नको. घुमट, शामेळ आणि कासाळं वाजत असताना यंत्राने मध्ये तोंड घालणं मला पटत नाही. भाच्याला पटतं. त्यावर आमचं एकमत नाही.

सुरुवातीला चारच स्टाईल्स पक्क्या करा आणि प्रत्येक गाण्याचं सेटिंग, म्हणजे स्टाईल, वेग, उजवा आवाज, ट्रान्सपोज, हे सगळं मॉड्यूलच्या मेमरीत गाण्याच्या नावाने साठवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. ‘सिंक स्टार्ट’ चालू ठेवलंत तर पहिली कॉर्ड धरताच ठेका सुरू होतो, पण गायकाशी बोलताना डावा हात पट्ट्यांवर टेकवायची सवय असेल तर आधी ती मोडा.

वीज, पाऊस, खारी हवा

ॲडॅप्टरची अदलाबदल नको. दिसायला सारखेच, पण कुणाची टोकाची आतली बाजू अधिक, कुणाची उणे, व्होल्टही वेगळे. प्रत्येकाच्या अंगावर रंगीत टेप लावा. कार्यक्रमाला मॉड्यूलपुरता लहान यूपीएस न्या: वीज क्षणभर गेली तरी मॉड्यूल पुन्हा उठायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात लोक उठतात.

पावसाळ्यात पियानो प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत दमट हवा अडकते आणि बुरशी धरते. सुती चादर, मॉड्यूलच्या पिशवीत सिलिका जेल, आणि आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर जॅक महिन्याने काढून पुसा. हिरवट थर दिसला की कॉन्टॅक्ट क्लीनर. गडगडाट सुरू झाला की प्लग बाहेर, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीच्या खाली मॉड्यूल मांडू नका. वर फळं टांगलेली असतात, आणि ती गाणं संपायची वाट बघत नाहीत.

चालू करताना आधी पियानो, मग मॉड्यूल, मग मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना बरोबर उलट, स्पीकर पहिला.